अद्भुतकथेतल्या शिदोरीचा हिशोब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पुस्तकांचं पान आणि पाककृतींचं पान पाठोपाठ येतात. पुस्तकांच्या पानावर अलीकडे अद्भुतिका आणि विज्ञान-कादंबऱ्यांना चांगली जागा मिळू लागली आहे, त्याबद्दल आभार. तक्रार एवढीच, की परीक्षणात कथानक असतं, पात्रं असतात, 'लेखकाने एक वेगळंच जग उभं केलं आहे' हे वाक्यही हमखास असतं. पण ते जग स्वतःच्या पायांवर उभं आहे की टेकूवर, हे कुणी तपासत नाही. पान उलटलं की पाककृतीत पीठ 'मावेल तेवढं', पाणी 'अंदाजाने' आणि आच 'मध्यम'. भाकरी फुटली किंवा वरण शिजलं नाही तर का, याला उत्तर नाही. दोन्ही पानांवर कारण द्यायचं राहून जातं.

कल्पित जग तपासायला खगोलशास्त्रच यावं लागतं असं नाही. तिथली माणसं काय खातात, ते धान्य कोणत्या पाण्यावर आलं, कोणत्या जळणावर शिजलं आणि किती दिवस टिकलं, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. तलवारी, अंतराळयानं, राजघराण्यांच्या वंशावळी यांवर लेखक घाम गाळतात आणि पोटाच्या प्रश्नाशी आले की बहुतेकांची गाडी घसरते. मराठवाड्यातल्या वाचकाला हे प्रश्न घरच्या ओट्यावर तपासता येतात, कारण कमी पाणी, कमी जळण आणि टिकणारी शिदोरी या तिन्हींचा अभ्यास आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे.

शिदोरीपासूनच सुरुवात करू. अद्भुतिकांमधली निम्मी पानं प्रवासात जातात. चार-सहा जण डोंगर-जंगलं तुडवत महिनाभर चालतात, पाठीवर एकेक झोळी. दिवसभर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाला ३,००० किलोकॅलरी तरी हव्यात. आपल्याकडच्या कोरड्या शिध्यात हा हिशोब असा बसतो: कडक भाकरी ५०० ग्रॅम (सुमारे १,६५०), भाजलेले शेंगदाणे १५० ग्रॅम (सुमारे ८२५), गूळ ७५ ग्रॅम (सुमारे २८०) आणि येसर, म्हणजे आमटीचं भाजणीचं पीठ, ६० ग्रॅम (सुमारे २१०). वजन झालं ७८५ ग्रॅम. म्हणजे महिन्याला माणशी साडेतेवीस किलो, आणि त्यात पाणी अजून धरलेलंच नाही. म्हणून ज्या कादंबरीत खेचर नाही, बैल नाही, वाटेत गाव नाही आणि तरी कुणी उपाशी नाही, तिथे लेखकाने हिशोब केलेला नाही असं खुशाल समजावं.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे रात्रीचा रस्सा. दिवसभर पळालेली, शत्रू मागावर असलेली मंडळी मुक्कामाला टेकतात आणि पुढच्याच परिच्छेदात मटणाचा दाट रस्सा ओरपतात. मटणातल्या चिवट तंतूंचा जिलेटीन व्हायला ७० अंशांच्या वर बराच वेळ लागतो. उघड्या भांड्यात, लाकडावर, तीन सेंटिमीटरचे तुकडे असले तरी दीड-दोन तास धरावेत. जनावर जून असेल तर त्याहून जास्त. तेवढा वेळ धूर निघाला तर मागावरच्या शत्रूला वाटाड्याही लागणार नाही. अशा मंडळींच्या झोळीत येसर हवं.

येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाला एकत्र दळून ठेवलेलं पीठ. पाणी उकळलं की दहा-पंधरा मिनिटांत आमटी. सुमारे साडेआठशे ग्रॅमचं प्रमाण देतो: गहू २५० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ २५० ग्रॅम, बाजरी १०० ग्रॅम, उडदाची डाळ ५० ग्रॅम, धने १०० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम, सुक्या लाल मिरच्या ५० ग्रॅम, हळद आणि सुंठ प्रत्येकी १० ग्रॅम, दालचिनी, मिरे आणि दगडफूल प्रत्येकी ५ ग्रॅम, लवंग ३ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. एकत्र भाजलं तर गव्हाचा दाणा आतून कच्चा असतानाच धने करपतात आणि सगळी आमटी कडवट होते. गहू मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, तडतडून बदामी होईपर्यंत. डाळीला थोडा जास्त वेळ. धन्याला तीन-चार मिनिटं पुरतात. मिरच्या शेवटी, गॅस बंद करून तापल्या कढईतच परताव्यात. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय गिरणीवर नेऊ नये. कोमट धान्याची वाफ पिठात राहते, डब्यात गोळे होतात आणि महिन्याभरात कुबट वास येतो. सुकं खोबरं घालायची पद्धत अनेक घरांत आहे. चव उत्तम येते, पण त्याचं तेल खवट होतं. महिनाभर टिकवायचं असेल तर खोबरं वेगळं भाजून, आमटी करतानाच घालावं.

आमटीला अर्धा लिटर पाण्यासाठी ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे भरून येसर. ते आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्यायचं. उकळत्या पाण्यात थेट टाकलं तर प्रत्येक गोळीचं बाहेरचं पिष्ट (स्टार्च) क्षणात शिजून आवरण धरतं आणि आत कोरडं पीठ अडकतं. मग कितीही घोटा, गुठळी फुटत नाही. तेल, मोहरी, लसूण, कढीपत्ता अशी फोडणी, त्यावर पाणी, उकळी आली की कालवलेलं येसर, मीठ, चिंचेचा कोळ, आणि मंद आचेवर दहा मिनिटं. गॅसवरून उतरवताना आमटी हवी त्याहून थोडी पातळच असावी, कारण ती बसल्यावर आळते.

कडक भाकरीचं शास्त्र आणखी नाजूक आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे चिकटपणा यायचा तो पिष्ट शिजवून. २५० ग्रॅम पिठाला साधारण २०० मिली पाणी लागतं. ते खळखळ उकळून पिठात ओतावं, उलथन्याने ढवळून पाच मिनिटं झाकावं, मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच पाच-सात मिनिटं मळावं. पीठ जुनं असेल, विरी (चिकटपणा) गेलेली असेल, तर थापताना कडा फुटतात. अशा वेळी पाण्याचं प्रमाण वाढवून उपयोग नाही. पिठाचा चौथा हिस्सा उकडून उरलेल्यात मिसळला तर निभावतं. साठ ग्रॅमचा गोळा, तीळ लावून जमेल तितका पातळ थापायचा. तव्यावर दोन्ही बाजू भाजल्यावर आच अगदी बारीक करून, सुती कापडाच्या बोळ्याने दाबत आठ-दहा मिनिटं, सगळीकडून कडक वाजेपर्यंत. मधला भाग जाड राहिला तर तो चामट होतो, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. भाकऱ्या पूर्ण गार करून पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवल्या तर महिनाभर आरामात टिकतात. पावसाळ्यात हवेतली ओल धरून मऊ पडल्या तर दोन मिनिटं तव्यावर टाकल्या की पुन्हा कडक. धपाटं कितीही चवीचं असलं तरी त्यात दही असतं, कांदा असला तर आणखी ओल. उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशीच्या पुढे जात नाही. कथेतला नायक आठव्या दिवशी मऊ लुसलुशीत पोळी काढून खातो तेव्हा वाचकाने निदान भुवई तरी उंचवावी.

'एका वडीत दिवसभराचं पोट भरतं' अशी प्रवासाची भाकर टोलकिनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये आहे. अन्नात सगळ्यांत जास्त ऊर्जा स्निग्ध पदार्थांत, ग्रॅमला ९ किलोकॅलरी. तेव्हा ३,००० साठी निव्वळ तूप खाल्लं तरी ३३३ ग्रॅम लागणार. त्या कथेत भाकर परीलोकातल्या लोकांनी केलेली आहे, तिच्यात जादू आहे हे लेखक लपवत नाही, त्यामुळे हरकत घ्यायचं कारण नाही. पण विज्ञानकथेतला अंतराळवीर जेवणाची एक गोळी गिळून दिवस काढतो तेव्हा तो सवलत मागतोय आणि वर विज्ञानाचं नावही सांगतोय. गोळी एक ग्रॅमची असेल तर तिच्यात जास्तीत जास्त ९ किलोकॅलरी मावतात, म्हणजे दहा-बारा चणे.

याच्या उलट टोकाला र्‍योको कुई यांची 'डिलिशस इन डंजन' ही जपानी चित्रकथा आहे. २०१४ ते २०२३ अशी ती क्रमशः आली आणि २०२४ पासून तिची मालिका नेटफ्लिक्सवर आहे. भुयारात उतरलेली मंडळी शिधा संपल्यावर तिथलेच राक्षसी प्राणी शिजवून खातात. पहिलाच पदार्थ म्हणजे अजस्र विंचू आणि चालतं मशरूम यांचा रस्सा. सगळंच काल्पनिक, पण कोणता भाग काढून टाकायचा, कशाला चिरा द्यायच्या, पोषण कशातून मिळणार, हे सगळं सांगितलेलं असतं. आमच्या मुलांना जपानी कार्टूनचं वेड लागलंय म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या पालकांनी हे एक तरी त्यांच्या शेजारी बसून पाहावं. कांदा चिरायला तयार नसलेली पोरं यानंतर कढई मागतात.

स्वयंपाकघर आणि अद्भुतकथा यांचा संबंध आपल्याकडे काही जपानहून आलेला नाही. भारतातल्या अद्भुतकथांचा मूळ साठा म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा', आणि परंपरेप्रमाणे गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारातला, राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त त्याची हकिकत दिली आहे. राजाने पोथी नाकारली तेव्हा गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान वाचू लागला आणि वाचून झालेलं पान आगीत टाकू लागला. रानातले प्राणी चरायचं सोडून भोवती ऐकत बसले. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं येतंय. आचाऱ्यांना जाब विचारला, त्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं, शिकाऱ्यांनी डोंगरावरच्या वाचनाची खबर दिली. राजा धावत गेला तोवर सात लाख श्लोकांपैकी सहा लाख जळून गेले होते. उरलेली पोथी वाचली ती मुदपाकखान्यातला बिघाड मुळापर्यंत शोधल्यामुळे. मांस सुकं का, जनावर रोड का, ते चरत का नाही: पाककृतीच्या पानावर नेमके हेच प्रश्न आम्हाला हवे आहेत.

आता विज्ञानकथेकडे. मराठी असो वा इंग्रजी, परग्रहावरच्या तळावर कुकर लावल्याचे प्रसंग अधूनमधून येतात आणि शिट्टी नेहमी पृथ्वीवरच्यासारखीच होते. वास्तविक हा प्रसंग लेखकाला फुकटात मिळालेली मेजवानी आहे. पाणी किती अंशांना उकळणार ते त्यावरच्या दाबावर ठरतं. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं वर, तिथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं. जवळच्या उंचावरच्या म्हैसमाळला साडेशहाण्णवच्या आसपास. कुकरचं वजन बाहेरच्या दाबावर आणखी सुमारे एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढा, दाब चढवतं, म्हणून समुद्रसपाटीला आत १२० अंश मिळतात आणि तूरडाळ दहा-पंधरा मिनिटांत मऊ होते. हवेचा दाब निम्मा असलेल्या ग्रहावर उघड्या पातेल्यात पाणी ८१-८२ अंशांनाच उकळेल. तिथे भात कसाबसा होईल, तूरडाळ मात्र तासन्‌तास कचकच लागेल. कुकर लावला तर दीड वातावरण, म्हणजे १११-११२ अंश. वरण होईल, वेळ जास्त लागेल.

मंगळावर गंमत आणखी वाढते. तिथे हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे उघड्यावर पाणी शून्य अंशाच्या आसपासच उकळतं. कुकर लावला तर? शिट्टीचं वजन दाब धरतं ते स्वतःच्या भाराने, आणि मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या ०.३८ पट. म्हणजे तीच शिट्टी तिथे जेमतेम ०.४ वातावरण दाब धरेल आणि पाणी ७६ अंशांना उकळून शिट्टी उडेल. पृथ्वीवरच्या कुकरइतकी उष्णता हवी तर शिट्टी पाचपट जड लागेल. माणसांच्या वस्तीच्या बंद तळाच्या आत पृथ्वीइतका हवेचा दाब राखलेला असला तरी गुरुत्व मंगळाचंच, त्यामुळे आत १०९ अंशांच्या आसपासच मिळतील आणि शिट्ट्या मोजून वरण लावणाऱ्याची फसगत होईल. एवढ्या एका गोष्टीवर अख्खी कथा उभी राहू शकते. आपल्याकडच्या कथालेखकांनी ती घ्यावी, कुणी रॉयल्टी मागणार नाही.

डाळ न शिजायला परग्रहावर जायची गरज नाही, हेही सांगायला हवं. आपल्या भागात बोअरचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाण्याच्या पेशी जोडून धरणाऱ्या द्रव्याला, घट्ट बांधून ठेवतं. शिट्ट्या वाढवूनही दाणा अख्खा राहतो आणि पाणी वेगळं दिसतं. उपाय तीन. पाणी आधी दहा मिनिटं उकळून, गार करून वरचं निवळ घ्यावं; तळाशी पांढरा साका बसतो तोच हा जडपणा. डाळ अर्धा-पाऊण तास भिजवावी. तरीही नाही तर १५० ग्रॅम डाळीला खाण्याच्या सोड्याची एक छोटी चिमूट, त्याहून जास्त नाही: सोडा वाढला की हळदीचा रंग तांबूस होतो, चव साबणासारखी लागते आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. चिंच, टोमॅटो, कैरी हे डाळ शिजल्यावरच घालावं, कारण आंबटाने पेक्टिन आणखी घट्ट होतं. डाळ साठवणीची, जुनी असेल तर हे सगळं करूनही ती वेळ घेणारच.

मंगळावरच्या बटाट्यांबद्दल थोडक्यात. मंगळावर एकटा अडकलेला अंतराळवीर बटाटे पिकवून जगतो, त्या अँडी वीअरच्या 'द मार्शियन' कादंबरीमुळे हा विषय घराघरांत पोचला. एक किलो बटाट्यात सुमारे ७७० किलोकॅलरी, म्हणजे रोजचे २,३०० भागवायला तीन किलो बटाटे. प्रथिनं साठेक ग्रॅम मिळतात, ते वाईट नाही. स्निग्धांश जवळपास शून्य, अ आणि ब१२ जीवनसत्त्वं नाहीतच. मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार असल्याचं फीनिक्स यानाने २००८ मध्ये दाखवलं. ते थायरॉइडला आयोडीन मिळू देत नाहीत. पाण्यात विरघळतात, त्यामुळे माती धुऊन काढता येतील, पण मग धुण्याच्या पाण्याचा हिशोब आला.

आणि पाण्याचा हिशोब म्हटलं की फ्रँक हर्बर्टची 'ड्यून'. पुस्तक १९६५चं, पण २०२१ आणि २०२४ मधल्या चित्रपटांमुळे इथली तरुण मंडळी ते आता वाचत आहेत. वाळवंटी ग्रह, घामाचा थेंबही अंगावरच्या पोशाखात पकडून पुन्हा प्यायचा. मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे एप्रिल २०१६ मध्ये दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, ते ज्यांच्या डोळ्यांसमोर झालं त्यांना या पुस्तकात परकं काही वाटणार नाही. उलट प्रश्न पडतील, आणि पडावेत. गुहेत राहणारे हे लोक भांडी कशाने घासतात? चुलीवरची वाफ कुठे जाते?

हे प्रश्न वजनकाट्यावर सोडवता येतात. पातेलं पाण्यासकट तोलून घ्या, मध्यम आचेवर झाकण न ठेवता वीस मिनिटं रटरटू द्या, पुन्हा तोला. ज्योतीप्रमाणे पाव ते अर्धा लिटर पाणी उडालेलं असतं. झाकण ठेवलं आणि आच बारीक केली तर फार थोडं. १५० ग्रॅम तांदूळ दोनदा धुवायला अर्धा-पाऊण लिटर जातं, शिजवायला तीन-साडेतीनशे मिली, ओसवून (जास्तीचं पाणी काढून टाकून) केला तर आणखी. तेवढ्याच वजनाच्या ज्वारीच्या पिठाला मळायला सव्वाशे मिलीच्या आत-बाहेर, धुणं नाही. भाजताना त्यातलं साधारण ४०-५० मिली वाफ होऊन जातं. तेव्हा वाळवंटी ग्रहाचं मुख्य अन्न भात दाखवणाऱ्या लेखकाला भाकरीचा हा तपशील पाठवून द्यावा. भाकरीतही काटकसर साधायची तर परातीत हात धुतलेलं पिठाचं पाणी आमटीत घालतात. ते आमटीला दाटपणा देतं, आणि अशी एक ओळ कादंबरीत आली तर ग्रह खरा वाटतो. ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी हाही अशा ग्रहाला शोभणारा पदार्थ: दोन्ही पिकं कोरडवाहू, आणि कण्या शिजवायला घातलेलं सगळं पाणी ताटात येतं. फक्त अंबाडी आधी वेगळी उकडून तिचं पहिलं पाणी काढून टाकायची पद्धत तिथे परवडणार नाही. आंबटपणा कण्यांचं प्रमाण वाढवून आवरावा लागेल.

यानातल्या जेवणाबद्दल लेखक हल्ली बरे सावध झाले आहेत. वजनरहित अवस्थेत बुडबुडे वर जात नाहीत, गरम पाणी वर आणि गार खाली हा फेरा होत नाही, त्यामुळे भांड्यात तळाशी करपतं आणि बाजूला गारच राहतं. फोडणीचा तर विचारच नको. तडतडलेली मोहरी खाली पडणार नाही आणि उकळतं तेलही. अंतराळ स्थानकावर २०१९च्या डिसेंबरात खास ओव्हनमध्ये बिस्किटं भाजून पाहिली, तेव्हा पृथ्वीवर वीसेक मिनिटांत होणाऱ्या बिस्किटाला दोन तासांच्या आसपास लागले. पावाचे कण यंत्रांत आणि डोळ्यांत जातात म्हणून १९८५ पासून अमेरिकी यानांत टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची पोळी, जाते. या कसोटीवर आपली कडक भाकरी पहिल्याच फेरीत बाद, शेंगदाण्याची कोरडी चटणी तिच्या आधी. दशमी मात्र टिकेल. २०० ग्रॅम ज्वारी आणि ५० ग्रॅम गव्हाचं पीठ, एक चमचा तूप, मीठ, आणि पाण्याऐवजी सुमारे २०० मिली कोमट दूध. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश यांमुळे ती मऊ राहते, भुगा कमी पडतो. दुधातल्या साखरेमुळे लवकर डागते म्हणून तवा भाकरीपेक्षा कमी तापलेला हवा. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा सोबत गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. तिन्ही चमच्याला चिकटून राहणारे, कण न सोडणारे. निवड करणाऱ्याने विचार केला होता हे दिसतं.

जादूच्या काढ्याचा प्रयोग मुलांसाठी. गोकर्णीच्या दहा-बारा निळ्या फुलांचे हिरवे देठ काढून टाका, २०० मिली गरम पण न उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गर्द निळं पाणी मिळतं. लिंबाचे थेंब टाकत गेलं की जांभळं, मग गुलाबी. चिमूटभर सोड्याने हिरवं. पाणी पहिल्यापासूनच हिरवट उतरलं तर फुलांचा दोष नाही, बोअरचं पाणी क्षारयुक्त आहे. पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या. फुलं उकळली तर रंग मळतो.

आता विनंती. महिन्यातून एकदा तरी ही दोन्ही पानं जोडून द्या: एक पुस्तक, त्यातला एक पदार्थ किंवा खाण्याचा प्रसंग, आणि तो इथल्या धान्यात करून पाहिल्याचा तपशील. वाटी म्हणजे किती मिली ते एकदा ठरवून छापा. पाणी नळाचं की बोअरचं, पीठ किती दिवसांचं आणि ज्वारी कोणती तेही लिहा. मालदांडीच्या ताज्या पिठाला लागणारं पाणी आणि दुकानातल्या दोन महिन्यांपूर्वीच्या पिठाला लागणारं पाणी यांत फरक पडतो. ज्वारीच्या वाणांबद्दल विचारायला परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहेच; लोह-जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा वाण तिथलाच. बिघडलेला पदार्थ आणि त्याचं कारण यांना निम्मी जागा द्या, साधलेल्या पदार्थाच्या फोटोवर जरा कमी खर्च झाला तरी चालेल.

सोबत कथास्पर्धा ठेवायची असेल तर नावं झाकून कथा वाचाव्यात. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती आणि पहिलं बक्षीस मिळालं ते कथेला. पहिल्या वर्षी विषय हुरड्याचा द्यावा: परग्रहावर, भविष्यात किंवा परीराज्यात, पण दाणा भाजायचा कशावर ते लेखकाने सांगितलंच पाहिजे. निवडलेल्या कथेतली कृती आगटीवर, म्हणजे शेतातल्या हुरड्याच्या विस्तवावर, करून पाहायची तर दाणा दुधाळपणातून नुकता बाहेर आलेला आणि अजून मऊ असायला हवा. त्याआधी तो चोळताना चिकटतो, नंतर दाताला कडक लागतो. रब्बीच्या शेतात ही वेळ जेमतेम आठ-दहा दिवस टिकते, आणि ती साधारण डिसेंबर-जानेवारीत येते. म्हणून कथांची मुदत नोव्हेंबरअखेरच्या पुढे नेऊ नये.

कळावे,
आपला,
एक वाचक, परभणी